डिग्रीनंतर प्लॅनरने शिकायचं काय आणि कुठे? सर्टिफिकेट कोर्सच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे की एम.प्लॅन (शहर नियोजनातली पदव्युत्तर पदवी) होऊन पाच वर्षं झाली, नगरपरिषदांचे डीपी, म्हणजे शहराच्या विकास योजना, करणाऱ्या एका खाजगी कन्सल्टन्सीत नोकरी आहे, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचं नकाशांचं काम, बऱ्यापैकी येतं, अमेरिकेत गेलेल्या बॅचमेटला दर दोन वर्षांनी ट्रेनिंगचे क्रेडिट भरावे लागतात आणि आपल्याकडे मात्र कुणी काही विचारतच नाही, तर मग स्वतःहून कोणते कोर्स करावेत आणि त्याचा खरंच उपयोग होतो का.

कोर्स जरूर करा, पण यादीत त्यांना तिसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला नंबर कायद्याचा, म्हणजे एमआरटीपी (महाराष्ट्राचा नगर रचना कायदा) आणि बांधकाम नियमावलीत दर काही महिन्यांनी काय बदललं ते वाचत राहणं, आणि दुसरा नंबर आपल्याच भागातल्या जुन्या मंजूर डीपींचा, ते हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्यांचं पुढे काय झालं ते बघणं. हे दोन चालू असेल तर कोर्समधलं डोक्यात बसतं, नाहीतर सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि पुढच्या डीपीत आपण परत तेच करतो जे मागच्यात केलं होतं.

तुमच्या बॅचमेटचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत एआयसीपी या संस्थेने सर्टिफाय केलेल्या प्लॅनरला दोन वर्षांत ३२ क्रेडिट लागतात, साधारण एक तास म्हणजे एक क्रेडिट, आणि त्यात कायदा आणि व्यावसायिक नीती यांसारखे काही विषय सक्तीचे. इंग्लंडमध्ये आरटीपीआय या प्लॅनरच्या संस्थेच्या मेंबरला दोन वर्षांत ५० तास दाखवावे लागतात. आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, रजिस्ट्रेशन आहे, प्लॅनरसाठी असा कायदाच नाही. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स इंडिया (आयटीपीआय) १९५१ पासून आहे, तिची मेंबरशिप, तिची असोसिएटशिपची परीक्षा, तिचं वार्षिक अधिवेशन हे सगळं आहे, पण मेंबर नसलात तरी तुम्हाला काम करायला कुणी अडवत नाही. २०२१ मध्ये नीती आयोगाने शहर नियोजनाच्या क्षमतेवर रिपोर्ट काढला त्यात प्लॅनरसाठी राष्ट्रीय कौन्सिल करा अशी शिफारस होती, आणि त्याच रिपोर्टमध्ये हेही होतं की राज्यांच्या नगर रचना खात्यांत १२,००० हून जास्त प्लॅनरची गरज आहे, मंजूर पदं ४,००० पेक्षा कमी आहेत आणि त्यातलीही जवळपास निम्मी रिकामी. देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी ६५ टक्के ठिकाणी मास्टर प्लॅनच नाही, हा आकडाही तिथलाच. मला वाटतं ही कौन्सिल लवकरात लवकर व्हायला हवी आणि त्यात सतत शिकण्याची अट असायला हवी, कारण आमच्या कामात चूक दिसायलाच फार वर्षं लागतात. डॉक्टरचं चुकलं तर पेशंटला कळतं, पूल चुकला तर तडा दिसतो, डीपी मात्र कायद्याने २० वर्षांत एकदा सुधारायचा असतो, म्हणजे पंचविशीत टाकलेलं आरक्षण, म्हणजे शाळा, बाग, मैदानासाठी राखून ठेवलेली जागा, चुकलं की नाही हे कळेपर्यंत तुम्ही पंचेचाळीशीला पोचता आणि तोवर त्या जागेवर चार मजले उभे असतात.

आता कायदा. कॉलेजमध्ये कायदा एका सेमिस्टरमध्ये उरकतात, कलमांचे नंबर पाठ होतात आणि तिथेच थांबतं. एमआरटीपीचं कलम १२७ घ्या, डीपी मंजूर होऊन १० वर्षं झाली आणि आरक्षित जागा संपादन झाली नाही तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो आणि ठराविक मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. ही मुदत मूळ कायद्यात ६ महिने होती, २००९ ला १२ झाली, २०१५ ला २४ झाली. जुन्या नोट्सवर अवलंबून राहिलेला माणूस आजही मीटिंगमध्ये ६ महिने म्हणून जातो आणि समोर मालकाचा वकील बसलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संपादनाची पावलं उचलली असं कधी म्हणायचं, यावर सुप्रीम कोर्टाचे २००७ चा गिरनार ट्रेडर्स आणि २०१३ चा श्रीरामपूर नगरपरिषदेचा असे दोन निकाल आहेत, आणि त्यांचा सार असा की नगरपरिषदेने ठराव केला, कलेक्टरला प्रस्तावाचं पत्र पाठवलं एवढ्याने भागत नाही, संपादनाची खरी वैधानिक कारवाई सुरू झालेली असावी लागते. हे दोन निकाल मुळातून वाचा, कुणी केलेला सारांश नको. ते वाचल्यावर आरक्षण टाकताना हात आपोआप जड होतो, कारण नकाशावरच्या प्रत्येक चौकोनामागे नगरपरिषदेला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो.

तसंच यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित विकास आणि बांधकाम नियमावली. डिसेंबर २०२० ला मुंबई, एमआयडीसीसारखी नियोजन प्राधिकरणं, हिल स्टेशनच्या नगरपरिषदा, लोणावळा, इको सेन्सिटिव्ह भाग असे अपवाद सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली आणि तेव्हापासून तिच्यात सुधारणा चालूच आहेत. काही सुधारणा कलम १५४ खाली निर्देश देऊन ताबडतोब लागू होतात आणि ३७(१कक) ची हरकती-सूचनांची प्रक्रिया मागून चालते, त्यामुळे बाजारात मिळणारं छापील पुस्तक विकत घेतलं त्या दिवशीच जुनं झालेलं असू शकतं. माझी पद्धत अशी आहे की एक प्रत फक्त सुधारणांसाठी ठेवायची, अधिसूचना आली की त्या नियमाशेजारी तारीख आणि बदल हाताने लिहायचा. कंटाळवाणं आहे पण दोन-तीन वर्षांत तुम्हाला कळायला लागतं की शासनाचा कल कुठे चाललाय.

आणि याचा थेट संबंध प्लॅनशी आहे, नुसता बांधकाम परवानगीशी नाही. महापालिकांत निवासी बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१, त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम, त्यावर टीडीआर, म्हणजे आरक्षणात जागा देणाऱ्याला मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क, आणि या सगळ्यावर जोडीचा जादा एफएसआय, म्हणजे अॅन्सिलरी ६० टक्क्यांपर्यंत. आता तुम्ही एखाद्या सेक्टरची लोकसंख्या धारणक्षमता जुन्या हिशोबाने एफएसआय १ धरून काढली तर पाणी, शाळा, रस्त्याची रुंदी सगळंच कमी पडणार. उलट क वर्ग, म्हणजे छोट्या शहराच्या नगरपरिषदेत लोक बेसिक एफएसआयसुद्धा पूर्ण वापरत नाहीत, मग तिथे आरक्षणाच्या बदल्यात टीडीआर देऊ असं रिपोर्टमध्ये लिहिणं म्हणजे मालकाला असा कागद देणं जो कुणी विकत घेणार नाही. हा फरक मी कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नीट शिकवलेला ऐकला नाही, आणि छोट्या शहरांचे डीपी फसण्याचं ते मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच दुसरा मुद्दा, जुन्या डीपीची तपासणी. तुम्ही राहता त्याच शहराचा किंवा जवळच्या एखाद्या नगरपरिषदेचा १५-२० वर्षांपूर्वी मंजूर झालेला डीपी घ्या, मंजुरीची अधिसूचना आणि ईपी, म्हणजे वगळलेल्या भागाची नंतरची अधिसूचना, दोन्ही घ्या, आणि आरक्षणांचा तक्ता घेऊन एकेक जागेवर जा. प्रत्येकासमोर लिहा की जागा ताब्यात आली का, विकसित झाली का, १२७ ची नोटीस आली का, कलम ३७ खाली डीपीत बदल होऊन रहिवासमध्ये गेली का, अतिक्रमण झालं का. सुट्टीच्या दिवशी सकाळी केलं तरी मध्यम आकाराचं शहर काही महिन्यांत होतं. बरोबर रचना सहायक किंवा नगरपरिषदेचा जुना ओव्हरसीअर मिळाला तर फारच उत्तम, कारण नकाशावर जो रस्ता सरळ दिसतो तो विहिरीपाशी का थांबला, कुणाच्या वाटणीचा दावा कोर्टात होता, कुठल्या भावाने जागा दिली आणि कुठल्याने नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं आणि कुठल्याही फाइलमध्ये नसतं.

यातून काय दिसतं ते माझ्या अनुभवाने सांगते. एकाच मालकाच्या अख्ख्या गटावर टाकलेलं मोठं बागेचं किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण बहुतेक वेळा जातं, कारण त्या माणसाकडे दुसरं काही उरत नाही आणि तो लढतो. दोन-तीन गटांच्या हद्दीवर, ले-आउटच्या दहा टक्के ओपन स्पेसला लागून टाकलेली छोटी आरक्षणं जास्त टिकतात. शासकीय जागेवरची टिकतात पण तिथे आरक्षण एकाचं आणि बांधकाम भलत्याच खात्याचं असं होतं. समावेशक आरक्षण, म्हणजे मालकानेच सुविधा बांधून द्यायची आणि उरलेली जागा स्वतः वापरायची, जिथे जमिनीला भाव आहे तिथे चालतं, बाकी ठिकाणी कागदावर राहतं. गावठाणातून १२ मीटरचा रस्ता नुसता रेघ मारून रुंद केला की दोन्ही बाजूच्या घरांची दुरुस्ती थांबते, लोक परवानगी मागायला जात नाहीत, आणि २० वर्षांनी रस्ता तेवढाच असतो, घरं मात्र मोडकळीला आलेली. हे सगळं डोळ्यांनी बघितलेला प्लॅनर पुढच्या वेळी ईएलयू, म्हणजे सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, करतानाच वेगळे प्रश्न विचारतो. आणि हो, तुमच्या कन्सल्टन्सीने स्वतः केलेले डीपी मंजूर झाले असतील तर आधी त्यांच्याच मागे जा, बॉसला नाही आवडलं तरी.

जीआयएस येतं म्हणालात, चांगलं आहे, अमृत योजनेत जीआयएसवर आधारित मास्टर प्लॅनची उपयोजना आल्यापासून त्याशिवाय काम मिळत नाही. पण सॉफ्टवेअर येणं आणि डेटाची अचूकता कळणं वेगळं. आपल्याकडे १:५ पेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकाम चालत नाही, आणि मी असे प्रस्ताव पाहिलेत जिथे फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या डीईएमवरून (उंचीच्या डिजिटल नकाशावरून) उतार काढून गटागटाचा निर्णय घेतलाय, म्हणजे ज्या डेटाचा एक ठिपका ३० बाय ३० मीटरचा आहे त्यावरून एका गुंठेवाल्याला बांधता येईल की नाही ते ठरवायचं. प्राथमिक चाळणीसाठी ठीक, पण निर्णयाला जागेवरचा काँटूर सर्व्हेच लागतो. तीच गोष्ट दरडीची. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, या तिन्हींनंतर प्रत्येक प्रादेशिक योजनेत दरडप्रवण क्षेत्राचा नकाशा जोडायची पद्धत पडतेय, पण जीएसआयचा, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा, राष्ट्रीय नकाशा १:५०,००० चा आहे, तो कुठला भाग बारकाईने बघायचा ते सांगतो, कुठली वाडी सुरक्षित आहे ते सांगत नाही. हे कळण्यासाठी थोडं भूशास्त्र, थोडं जलशास्त्र शिकावंच लागतं. निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण ती कुठल्या वर्षापर्यंतच्या पावसाच्या आकड्यांवर काढली, मधल्या काळात नदीत भराव किती पडला, पूल किती आले, हे पाटबंधारे विभागाला विचारायची सवय फार कमी जणांना आहे. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाहिल्यावर तरी ती लागायला हवी होती.

लोकसंख्येचंही तेच आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कितीतरी डीपींचे अंदाज २०११ च्या आकड्यांवर आहेत आणि आपण त्यावरून २०४१ चा आकडा काढतो. अशा वेळी मालमत्ता कराच्या नोंदी, वीज कनेक्शन, शाळेचा पट, मतदार यादी, इमेजवरून मोजलेली बांधकामं असे वेगवेगळे स्रोत एकमेकांशी ताडून बघायला शिका. शिकवणारं कुणी नसलं तरी एका शहरावर स्वतः करून बघता येतं.

आता ज्याला कम्युनिटी प्लॅनिंग म्हणतात तो भाग, जो मला सगळ्यात जवळचा वाटतो आणि ज्याचं ट्रेनिंग आपल्याकडे सगळ्यात कमी आहे. डीपीचा मसुदा तयार झाला की कलम २६ ची नोटीस निघते, ३० दिवसांत हरकती-सूचना येतात, मग नियोजन समिती सुनावणी घेते, त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. या सुनावण्यांना जाऊन बसा, तुमचा डीपी नसला तरी परवानगी मागून बसा. आणि हरकतींचं रजिस्टर नीट वाचा, कोण आलंय आणि कोण नाही ते बघा. जवळपास सगळ्या हरकती जमीनमालकांच्या असतात, कारण नोटीसच गट नंबरच्या भाषेत असते. सातबारावर नाव पुरुषाचं, म्हणून हरकतही पुरुषाची. भाडेकरू, बाहेरून आलेले कामगार, भाजीवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या बायका, यांच्या नावावर गट नाही म्हणून त्यांची हरकत नाही, आणि मग आपण समितीला सांगतो की या भागातून काही सूचना आल्या नाहीत. बाजारात बसणाऱ्या बाईला संडास कुठे हवाय, अंगणवाडी किती लांब चालवेल, बस कुठे थांबली तर रात्री भीती वाटणार नाही, हे तिला अगदी नेमकं माहीत असतं. तिला विचारायची वेळ ईएलयूच्या टप्प्यावर असते, कलम २६ नंतर फार उशीर झालेला असतो.

हे विचारणं हे एक कौशल्य आहे, ते शिकावं लागतं. नकाशा खुणांनी सांगायचा, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, जुना जकात नाका, असं करत, गट नंबर शेवटी. बचत गटाच्या मीटिंगला त्यांच्या वेळेला जायचं, आपल्या ऑफिसच्या वेळेला त्यांना बोलवायचं नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका, त्या समितीची मीटिंग जिथे खरंच होते तिथे जाऊन ऐका, हॉकर्स झोन कुठे चालतो आणि कुठे नाही हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचनांचं बजेट चालू आहे, त्यात लोक काय मागतात त्या याद्या वाचल्या तरी प्रभागाच्या पातळीवरची गरज कळते. आणि शेजारी गोव्यात २००७ च्या सुरुवातीला लोकांच्या आंदोलनाने २०११ सालापर्यंतची प्रादेशिक योजना रद्द करायला लावली, मग २०२१ पर्यंतच्या योजनेसाठी गावागावांतून सूचना घेतल्या गेल्या, तो सगळा घटनाक्रम प्रत्येक मराठी प्लॅनरने अभ्यासावा, कारण लोक नकाशा वाचायला लागले की काय होतं हे त्यात दिसतं.

टीपी स्कीम, म्हणजे मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते आणि सुविधा काढून, उरलेले प्लॉट परत त्यांनाच देण्याची नगर रचना योजना, तिच्याबद्दल फार लांबवत नाही. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगर रचना कायदा टीपी स्कीमसाठीच होता, वांद्रे, सांताक्रूझ, पुण्याचं भांबुर्डा हे भाग त्यातून घडले, पुढे आपण संपादनाच्या वाटेने गेलो आणि गुजरातने ती पद्धत चालू ठेवली. आता नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतालचं नियोजन क्षेत्र) आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांच्यामुळे आपल्याकडे टीपी परत आलीय, पण ती करायला येणारी माणसं कमी आहेत. जमलं तर अहमदाबादला चार दिवस जा आणि मंजूर स्कीमची कागदपत्रं, मालकांशी झालेल्या बैठका, मूळ खंड आणि अंतिम खंडाचे तक्ते बघा. ज्याला पुनर्खंडाचं आणि मूल्यनिर्धारणाचं गणित येतं त्याला पुढची बरीच वर्षं कामाची ददात पडणार नाही.

आता कोर्स. डेहराडूनच्या आयआयआरएसचे आउटरीच कोर्स ऑनलाइन आणि मोफत आहेत, रिमोट सेन्सिंगचा पाया पक्का करायला उत्तम, अचूकतेचं मी वर म्हटलं ते तिथे नीट कळतं. केंद्राच्या नॅशनल अर्बन लर्निंग प्लॅटफॉर्मवर मोफत मटेरियल आहे, सगळं सारख्या दर्जाचं नाही, पाणी आणि घनकचऱ्याचं बघून घ्या. यशदा आणि अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेची ट्रेनिंग प्रामुख्याने सरकारी आणि पालिकेच्या लोकांसाठी असतात, पण तुमच्यासारख्यांना कधी जागा मिळाली तर सोडू नका, लेक्चरपेक्षा तिथे भेटणारे मुख्याधिकारी आणि नगर रचनाकार महत्त्वाचे, त्यांची अडचण काय आहे ते जेवणाच्या टेबलावर कळतं. आयटीपीआयची मेंबरशिप घेतली नसेल तर घ्या आणि स्थानिक चॅप्टरच्या कार्यक्रमांना जा. महागडे शॉर्ट कोर्स कुणी कंपनीच्या पैशाने पाठवत असेल तरच, स्वतःच्या खिशातून एवढे पैसे घालायचे असतील तर माझं मत आहे की ते पैसे प्रवासावर आणि निकालांच्या पुस्तकांवर घाला.

करिअरला उपयोग होतो का, हे विचारलंत. सर्टिफिकेटने टेंडरमध्ये टीमच्या सीव्हीला मार्क मिळतात, तेवढा उपयोग आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मुख्याधिकारी किंवा सहायक संचालक अडचणीत असतात तेव्हा ज्याला फोन करतात तो माणूस वेगळा असतो, ज्याला अधिसूचनेची तारीख माहीत असते, तो गट कुठे आहे माहीत असतो आणि मागच्या डीपीत तिथे काय झालं ते माहीत असतं. पाच वर्षांत तुम्ही तिथे पोचू शकता.

सुरुवात कुठून करायची असेल तर या महिन्यात एवढंच करा, ज्या नगरपरिषदेचा डीपी आत्ता तुमच्या टेबलावर आहे तिचा आधीचा मंजूर डीपी आणि आरक्षणांचा तक्ता नगर रचना शाखेतून मागून घ्या, नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि पहिली दहा आरक्षणं जागेवर जाऊन बघा. काय दिसलं ते लिहून पाठवलंत तर मी नक्की वाचेन आणि उत्तर देईन.